हुकलेल्या वयाची कैफियत

मनुष्याच्या काही आवडी अशा असतात की ज्यांत कोणाचे नुकसान नाही, ज्यांना कायद्याची आडकाठी नाही आणि ज्यांवर होणारा खर्चही संसाराच्या हिशेबात दिसण्याजोगा नसतो. तरीही त्यांची वाच्यता चार माणसांत करावयाची म्हटली की प्रतिष्ठित माणसाची जीभ अडखळते. चाळिशी-पन्नाशी ओलांडलेल्या, नोकरीत मुरलेल्या, मुलाबाळांना मार्गी लावण्याच्या विवंचनेत असलेल्या स्त्रीपुरुषांनी शाळा-कॉलेजांतील सोळा-सतरा वर्षांच्या मुलामुलींच्या मालिका भागामागून भाग तल्लीन होऊन पाहणे, ही त्याच जातीची आवड होय. ती मला आहे. पालघर आणि बोईसर यांच्या दरम्यान, कोळगावच्या परिसरात राहणाऱ्या माझ्या परिचयातील पुष्कळांना ती आहे. ज्या आडपडद्याने ती जोपासली जाते तो आडपडदा अनावश्यक तर आहेच, पण आपल्याच घरातील खऱ्याखुऱ्या सोळा वर्षांच्या माणसांच्या दृष्टीने तो अपायकारकही आहे, असे माझे ठाम मत झाल्यामुळे त्याविषयी सविस्तर लिहिणे मला अगत्याचे वाटते.

आमच्या भागात या आवडीला मोकळीक मिळाली ती प्रवासात. २०१३ च्या एप्रिलमध्ये उपनगरी गाड्या विरारच्या पुढे डहाणूपर्यंत धावू लागल्या. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्याचे विभाजन होऊन पालघर हा राज्याचा छत्तिसावा जिल्हा झाला. आणि सिडकोने कोळगावच्या हद्दीत उभारलेल्या मुख्यालयाच्या इमारती २०२१ च्या ऑगस्टपासून वापरात आल्यावर कचेऱ्यांची दप्तरे, त्यांच्यामागे कारकून, अव्वल कारकून, शिपाई, वकील आणि अर्जदार अशी सारी वर्दळ इकडे वळली. जाण्यायेण्याचा जो वेळ पूर्वी पत्ते, भजन किंवा झोप यांत जात असे, तो आता हातातल्या पडद्यात जातो. कानांत बोंडे घालून बसलेल्या सहप्रवाशाच्या पडद्यावर काय चालले आहे हे पाहणे असभ्यपणाचे आहे हे मी जाणतो. पण गर्दीत मान वळवावयासही जागा नसते, आणि जे दिसते ते दिसतेच. पुष्कळदा तिथे शाळेचा गणवेश असतो, वर्गातला बाक असतो, काही बोलावयाचे असून न बोलता उभी असलेली दोन मुले असतात. शेजारी ओळखीचे माणूस येऊन बसले की तो पडदा काळा होतो. बातम्या पाहणारा, क्रिकेट पाहणारा, फार काय, खून-दरोड्यांच्या मालिका पाहणाराही असा चपापत नाही.

ही लाज कोठून आली, याचा शोध घेऊ लागले की ती आजची नव्हे हे ध्यानात येते. १९२८-२९ च्या सुमारास ना. सी. फडके यांच्या ‘जादूगार’ आणि ‘दौलत’ या कादंबऱ्या घराघरांत शिरल्या, तेव्हा त्यांतील सुशिक्षित तरुण-तरुणींची प्रीती वाचताना वडीलधाऱ्यांच्या पावलांचा कानोसा घेणारे वाचक महाराष्ट्राने पाहिले आहेत. १९६२ सालच्या ‘रंभा’ मासिकाच्या दिवाळी अंकातील चंद्रकांत काकोडकरांच्या ‘शामा’ या कथेवर अश्लीलतेचा खटला भरला गेला आणि तो मामला थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन १९६९ मध्ये लेखक निर्दोष ठरला. त्या काळी चिंता अशी होती की मोठ्यांसाठी लिहिलेले कोवळ्या वयाच्या हाती पडले तर काय होईल. आज परिस्थिती नेमकी उलटी आहे. कोवळ्या वयासाठी निर्माण झालेले मोठ्यांच्या हाती पडले आहे आणि त्याबद्दल त्यांना कोणताही खटला भरला नसताना आपण आरोपी आहोत असे वाटते.

मात्र मुलांविषयीची प्रत्येक कथा पाहताना मराठी प्रौढ माणूस असा संकोचत नाही. नाशिकच्या तुरुंगात १९३३ साली साने गुरुजींनी लिहिलेली ‘श्यामची आई’ आणि तीवरून आचार्य अत्र्यांनी १९५३ मध्ये काढलेला चित्रपट यांपुढे तीन पिढ्यांतील बापे उघडपणे रडले. त्या अश्रूंची कोणाला लाज वाटली नाही, उलट ते सुसंस्कृतपणाचा दाखला म्हणून मिरवले गेले. मग श्यामच्या जागी नववीतला मुकुंद आला, आईच्या जागी वर्गातली शिरोडकर आली, की तोच प्रौढ संकोच का पावतो? मिलिंद बोकील यांच्या ‘शाळा’ या २००४ सालच्या कादंबरीत, किंवा सुजय डहाके यांनी २०१२ मध्ये प्रदर्शित केलेल्या तिच्या चित्रपटात, ओंगळ असे काही नाही. आणीबाणीच्या वर्षातील एक मुलगा एका मुलीकडे पाहतो, आणि त्या पाहण्याने त्याचे सारे जग बदलते, एवढाच मुख्य मामला. माझ्या समजुतीप्रमाणे फरक असा आहे : श्यामची कथा आपल्याला कर्तव्याची आठवण देते, आणि कर्तव्याची आठवण ही कोणत्याही वयात शोभते, मुकुंदाची कथा मात्र इच्छेची आठवण देते. संसारात पडलेल्या माणसाने इच्छेची आठवण ठेवू नये, ठेवलीच तर ती ‘आमच्या वेळी’ या सदरात थट्टेवारी न्यावी, असा आपल्या समाजाचा अलिखित ठराव आहे.

पण ज्याला आठवण म्हणावे ती मुळात सर्वांजवळ आहे का? या मालिकांच्या आवडीला गतस्मृतींची ओढ असे नाव देऊन मोकळे होणारे टीकाकार एक गोष्ट गृहीत धरतात : पाहणाऱ्याने ते वय एकदा भोगले आहे आणि आता तो ते पुन्हा मागतो आहे. आमच्या पालघर जिल्ह्याचा अनुभव मला निराळे सांगतो. शारदा कायद्याने १९३० पासून मुलीच्या लग्नाचे किमान वय ठरविले ते चौदा. ते अठरा व्हावयास १९७८ साल उजाडले. म्हणजे आज हयात असलेल्या कितीतरी आज्या आणि आयांच्या बाबतीत बालपणाच्या पुढचे पान थेट सासरचे होते. जव्हार-मोखाड्याकडील वारली, कातकरी, कोकणा कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर आणि मुंबईच्या आसपासच्या बांधकामांवर जातात, त्यांच्याबरोबर जाणारा मुलगा चौदाव्या वर्षी निम्मा मजूर आणि सोळाव्या वर्षी पुरा मजूर होतो. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला सुरू केलेले काम पुढे कोसबाडच्या टेकडीवर नेले, आणि गुरे राखणाऱ्या मुलांना शाळेत येता येत नाही म्हणून शाळाच कुरणात नेली. त्या थोर स्त्रियांनी या भागातील मुलांना बालपण मिळवून दिले, याबद्दल कृतज्ञतेने मान लवते. त्यापुढचे वय मिळवून देणारे मात्र कोणी आले नाही.

आणि हे केवळ डोंगरपट्टीपुरते खरे नाही. तारापूरची अणुवीज १९६९ मध्ये सुरू झाली, पुढे औद्योगिक वसाहत वाढली, रसायने, कापड आणि लोखंड यांचे कारखाने आले, आणि बोईसरच्या चाळींत उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशा, खानदेश आणि तळकोकण येथून आलेली माणसे दाटीने राहू लागली. त्यांतील बहुतेक जण मिसरूड फुटण्याच्या वयात पाळीला लागले. माझी स्वतःची दहावीनंतरची वर्षे त्या वसाहतीतील एका कारखान्याच्या रात्रपाळ्यांत आणि बाहेरून दिलेल्या परीक्षांत गेली. त्याबद्दल माझी कोणाकडे फिर्याद नाही, घरची परिस्थितीच तशी होती. परंतु कॉलेजचा कट्टा, मित्राची सायकल, वार्षिक संमेलनाची तालीम, निष्कारण घालवलेली दुपार, या वस्तू मला पडद्यावर प्रथम भेटल्या. झी टीव्हीवर १९९८ मध्ये ‘हिप हिप हुर्रे’ सुरू झाली, तेव्हा तिच्यातील अकरावी-बारावीची मुले जे करीत होती ते करण्याचे माझे वय नुकतेच टळले होते. ती मालिका मी पाहिली ती एखाद्या परदेशाचे प्रवासवर्णन वाचावे तशी. ज्याला ते वय मिळालेच नाही, त्याने ते पाहताना त्याच्या ठायी अपरिपक्वता शोधणे हा अन्याय आहे. परिपक्वता त्याच्यावर फार लवकर लादली गेली, ही खरी हकीकत आहे.

झी मराठीवर २०१५ च्या मार्चमध्ये सुरू झालेली ‘दिल दोस्ती दुनियादारी’ ही मालिका या दृष्टीने मला फार मोलाची वाटते. तिच्यातील सहा जण काटेकोरपणे किशोरवयीन नव्हेत, शिक्षण संपवून मुंबईत नशीब काढावयास आलेले ते तरुण आहेत. पण त्यांतील रेश्मा पाहा. ती लग्न करून नवऱ्याच्या घरी येते, त्याचे मन दुसरीकडे गुंतलेले आहे हे तिला कळते, आणि माहेरी तोंड कसे दाखवावे या पेचात ती ‘माजघर’ नावाच्या त्या मित्रांच्या बिऱ्हाडात राहू लागते. सखी गोखले यांनी ही भूमिका फार संयमाने केली. आधी गळ्यात मंगळसूत्र आणि नंतर मैत्री, आधी जबाबदारी आणि नंतर खोड्या, रुसवे, मध्यरात्रीच्या गप्पा, असा तिच्या आयुष्याचा उलटा क्रम आहे. आमच्या शेजारपाजारच्या किती बायकांनी रेश्मामध्ये आपल्याला पाहिले असेल याची कोठे नोंद नाही. परंतु ती मालिका संपली तेव्हा हळहळलेल्या गृहिणी मी पाहिल्या आहेत, आणि त्या हळहळीत केवळ करमणूक बंद झाल्याचे दुःख नव्हते, हे मी खात्रीने सांगू शकतो.

याच्या विरुद्ध बाजूने जे बोलले जाते त्यातील बराचसा भाग मला मान्य आहे. या मालिकांतील सतरा वर्षांची मुले बहुधा पंचविशीतले नट असतात; त्यांच्या कातडीवर पुटकुळ्या नसतात; त्यांना फीची मुदत चुकण्याची धास्ती नसते; परदेशी मालिकांतील शाळांत तर अभ्यास हा गोष्टीच्या मधे येऊ न देण्याचा शिरस्ताच आहे. अमेरिकेत १९९० पासून दहा वर्षे चाललेल्या ‘बेव्हर्ली हिल्स ९०२१०’ने श्रीमंत वस्तीतील देखण्या मुलांचा जो नमुना घालून दिला, तो पुढे देशोदेशी गिरवला गेला. आपल्याकडेही कॉलेज म्हणजे मुंबई-पुण्याचे, आणि घर म्हणजे ज्यात प्रत्येक मुलाला स्वतंत्र खोली आहे असे, हा संकेत रूढ झाला. हे सारे खरे असले तरी गेल्या काही वर्षांत वारे फिरले आहे. २०१९ मधील ‘कोटा फॅक्टरी’ने रंगच काढून टाकले आणि शिकवणी वर्गांच्या गावातील मुलांचा एकटेपणा कृष्णधवल चित्रांत दाखविला, लातूरच्या वाटेला मुले लावणाऱ्या मराठी आईबापांना ती परकी वाटण्याचे कारण नाही. आणि यूट्यूबवर ‘कोरी पाटी प्रॉडक्शन’ने काढलेल्या ‘आठवी-अ’ व ‘दहावी-अ’ या मालिकांनी तर ग्रामीण माध्यमिक शाळेतला वर्ग, तिथल्याच बोलीसह, थेट समोर आणून ठेवला. वाहिन्यांच्या मोठमोठ्या कचेऱ्यांना जे सुचले नाही ते या मंडळींनी केले, ही बाब मराठी करमणुकीच्या इतिहासात नोंदवून ठेवण्याजोगी आहे.

माझी खरी तक्रार निराळीच आहे, आणि ती मालिकांविरुद्ध नसून पाहणाऱ्या आपणा प्रौढांविरुद्ध आहे. २०१४ साली ‘टाईमपास’मधील दगडू आणि प्राजक्ता यांच्यावर आपण लोभ केला. २०१६ च्या एप्रिलमध्ये ‘सैराट’ आला तेव्हा आर्ची आणि परश्या यांच्यासाठी साऱ्या महाराष्ट्राचा जीव खालीवर झाला. आर्चीचे काम करणारी रिंकू राजगुरू स्वतः तेव्हा शाळकरी वयाची होती. पण पडद्यावरील त्या जोडीसाठी डोळे पुसणारा बाप घरी आल्यावर मुलीच्या दप्तरात चिठ्ठी किंवा मोबाइलमध्ये एखादे नाव सापडले, तर काय करतो? तो मोबाइल काढून घेतो, शाळा बदलतो, मामाच्या गावी पाठवतो, आणि प्रकरण पुढे गेलेले असल्यास पोलीस ठाण्याची पायरी चढतो. २०१२ च्या पॉक्सो कायद्याने अठरा वर्षांखालील प्रत्येकाला बालक मानले आहे आणि शरीरसंबंधात बालकाच्या संमतीला कायद्याच्या लेखी किंमत नाही. हा कायदा अत्याचारापासून मुलांचे रक्षण करण्यासाठी झाला आणि त्या कामी तो अत्यावश्यक आहे, याविषयी दुमत नसावे. परंतु दोन समवयस्क मुलांची प्रीती मोडून काढण्यासाठी घरच्यांनी त्याचा आधार घ्यावा आणि सतरा-अठरा वर्षांच्या मुलाचे आयुष्य कोठडीत सुरू व्हावे, असे प्रकार घडतात, आणि अनेक उच्च न्यायालयांनी त्याविषयी वेळोवेळी चिंता प्रकट केली आहे.

चोरून पाहण्याचा खरा तोटा येथे आहे. पडद्यावर जे पाहून आपले मन मऊ झाले ते आपण कोणाला सांगत नाही. न सांगितल्यामुळे ते घरातील व्यवहारात उतरत नाही. आणि बाजूच्या खोलीत दार लावून बसलेल्या मुलाला किंवा मुलीला असे वाटत राहते की या वयातले सुखदुःख आपल्या आईबापांच्या कल्पनेपलीकडचे आहे. वस्तुतः त्याच क्षणी त्यांची आई स्वयंपाकघरात मोबाइल टेकवून ‘हार्टस्टॉपर’मधील दोन मुलांच्या पहिल्या ओळखीने कासावीस झालेली असते. इंग्लंडमधील शाळेतील चार्ली आणि निक या दोन मुलग्यांचे परस्परांवरील प्रेम जिला समजू शकते, तिला स्वतःच्या मुलाची कोणतीही गोष्ट समजण्यास अडचण पडू नये. पण मुलाला हे कळणार कसे?

याबाबतीत कोरियन लोकांनी जे साधले ते आपल्याला अजून साधलेले नाही. २०१५ च्या अखेरीस तिकडे ‘रिप्लाय १९८८’ नावाची मालिका झाली. सोलच्या एका गल्लीत राहणारी पाच मुले, त्यांची शाळा, त्यांच्या घरांतून एकमेकांकडे जाणाऱ्या भाजी-आमटीच्या वाट्या, ऑलिंपिकचे वर्ष, असा तिचा पसारा. तिच्यातील मधली मुलगी डक-सन हिचा वाढदिवस दर वर्षी थोरल्या बहिणीच्या वाढदिवसाबरोबर उरकला जातो. पहिल्याच भागात तिचा संताप अनावर होतो आणि वर्षानुवर्षे साचलेले बाहेर पडते. मग रात्री गल्लीच्या तोंडाशी बाप तिच्यासाठी वेगळा केक घेऊन उभा राहतो आणि तिची माफी मागतो. बाप होण्याचा अनुभव आपल्यालाही पहिल्यांदाच येतो आहे, असे काहीसे तो म्हणतो. मी तो प्रसंग पाहिला तेव्हा माझ्या मनात आले की किशोरांच्या मालिकेत मोठ्या माणसांना खलनायक किंवा विदूषक करून टाकण्याची जी रीत आहे तिच्यामुळे आपले किती नुकसान झाले आहे. चांगली किशोरकथा ही दोन्ही पिढ्यांची कथा असते. ती पाहताना पन्नाशीचा माणूस एकाच वेळी ती मुलगीही होतो आणि तो बापही होतो, आणि हे दुहेरी भान त्याला दुसऱ्या कोणत्याही प्रकारच्या मालिकेत लाभत नाही. सासू-सुनांच्या मालिका त्याला केवळ पक्ष घ्यावयास लावतात.

म्हणून मराठी वाहिन्यांच्या चालकांपुढे आणि हौसेने चित्रण करणाऱ्या तरुण मंडळींपुढे माझी मागणी आहे की त्यांनी आमच्या भागाकडे वळावे. जव्हारच्या आश्रमशाळेच्या वसतिगृहात रात्री दिवे गेल्यावर मुली काय बोलतात. सातपाटीच्या बंदरावर पहाटे आईला मासळीच्या पाट्या उचलू लागून मग सातच्या तासाला धावणारी अकरावीची मुलगी मैत्रिणीपासून कोणते गुपित लपवते. बोईसरच्या हिंदी माध्यमाच्या शाळेत शिकणाऱ्या बिहारी कामगाराच्या मुलाला केळव्याच्या वाडवळ बागाईतदाराची मुलगी आवडली तर त्या दोघांनी कोणत्या भाषेत भांडावे. पालघरच्या दांडेकर महाविद्यालयात प्रवेश मिळाला तरी एसटीच्या पासाचे पैसे नाहीत म्हणून विक्रमगडला परतणाऱ्याचे पुढे काय होते. ही सारी माणसे आमच्या रस्त्यांवर आहेत, त्यांना नुसते पडद्यावर यावयाचे आहे. त्यांच्यासाठी देखणे नट नकोत, मोठा खर्च नको; त्यांच्या बोलीवर कान ठेवणारा लेखक हवा, आणि रात्री उशिराची नव्हे तर जेवणाच्या वेळेची, घर एकत्र बसते ती वेळ हवी.

अशी मालिका निघाली तर मी ती कानांत बोंडे न घालता, बाहेरच्या खोलीत, आवाज मोठा ठेवून पाहीन, मुलांना शेजारी बसवून घेईन. आणि मधेच त्यांनी “बाबा, असं नसतं काही” असे म्हटले, तर ती तिथेच थांबवून, मग कसे असते ते त्यांना विचारीन.